कंग्राळीचा पत्ता

सकाळी शहापूरच्या गल्लीत यंत्रमागांची खडखड सुरू झाली की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. निताईला ती खडखड सोयीची होती. कुणी फारसं काही विचारत नसे. बांगलादेशातल्या टांगाइलचा हा विणकर सीमेवरची नदी चोरून ओलांडून आला आणि हिंडत हिंडत बेळगावात यमनाप्पांच्या कारखान्यात विणायला टिकला. इथली मराठी त्याच्या तोंडी बसली. साडीचे काठ तो असे सरळ विणायचा की गिऱ्हाईक हात फिरवून बघे. पण त्याच्याजवळ ओळख पटवणारा कागदाचा एक कपटाही नव्हता.

"पोलीस कारखान्याकारखान्यात चौकशी कराय लागल्यात," यमनाप्पा एकदा त्याला बाजूला घेऊन म्हणाले. "आधार काढून घे बाबा. न्हाईतर तुला ठेवून घ्याय जमायचं न्हाय." आपल्या घरचाच पत्ता त्यांनी लिहून दिला. 

आधार केंद्रावर निताईनं बोटांचे ठसे दिले, डोळे यंत्रापुढे धरले. काही दिवसांनी अर्ज फेटाळल्याचा निरोप आला. आता आपल्याला पकडणार, असं त्याला वाटलं. पण पळून जायचं तरी कुठं? कारण विचारायला तो पुन्हा केंद्रावर गेला.

तिथं काम करणाऱ्या स्वरूपानं त्याचा अंगठा यंत्रावर ठेवून घेतला आणि ती हसली.

"अण्णा, तुमचं आधीच काढल्यालं हाय की! हरवलंय व्हय?"

तिनं छापून दिलेल्या कागदावर नाव होतं, मष्णू नागोजी पाखरे, कंग्राळी. फोटो निताईचा होता. अंगात निळ्या चौकटीचा शर्ट. तसा शर्ट त्यानं कधी घातलेला नव्हता.

यंत्राची चूक, त्यानं मनाशी ठरवलं. ठशांची गल्लत होत असेल. चेहरेही मिळतेजुळते असतात. पण खऱ्या मष्णूनं उद्या तक्रार केली तर? एकदा बघून यावं म्हणून दुपारी तो बेळगावजवळच्या कंग्राळीला गेला.

पत्ता विचारावा लागला नाही. पाय आपोआप वळत गेले. कोपऱ्यावरच्या दुकानातून कुणीतरी हाक दिली, "काय मष्णू, आज चालतच?" निताईनं नुसती मान हलवली.

कागदावरच्या पत्त्याच्या घरापुढचं कुत्रं उठलं, शेपटी हलवून पुन्हा आडवं झालं. दोरीवर निळ्या चौकटीचा शर्ट वाळत होता. त्याचं पाणी अजून ठिबकत होतं.

दारात एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती.

"मावशी, मष्णू हायत का?"

"आईला मावशी म्हणाय लागलास व्हय रं?" ती हसली. "कार्ड आणाय गेलतास न्हवं? मिळालं का?"

"मी त्यो न्हाय."

"बरं बरं. हातपाय धू. भाकरी निवाय लागल्यात."

निताईनं तिच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. वेड नव्हतं, गोंधळ नव्हता. पोर घरी आल्यावर असतो तेवढाच निवांतपणा होता.

त्याला एकदम आपल्या आईचा आवाज ऐकावासा वाटला. परसात जाऊन त्यानं टांगाइलला फोन लावला.

"आई, मी निताई."



"कोण बोलतंय?" आईनं सावधपणे विचारलं. "माझा निताई सकाळीच घरी आलाय. जेवायला बसलाय."

"आई, अगं..."

"कोण गं आई?" तिच्या मागून कुणीतरी विचारलं.

तोंडात घास असताना निताईचा स्वतःचा आवाज येतो, तसाच तो आवाज होता.