तळघरातला शिपाई

दर रविवारी दुपारी बेकरीच्या माडीवर लढाई जुंपायची. खाली भट्ट्या थंड होत आलेल्या असायच्या. वर मोठ्या टेबलावर पुठ्ठ्याचा किल्ला, बोटभर उंचीचे शिशाचे शिपाई आणि प्रत्येकाचे आपापले फासे. बेकरीवाला गोष्ट सांगायचा, बाकीचे आपापल्या शिपायाने काय करायचं ते ठरवायचे आणि फासे पडतील तसं भोगायचे. खेळ मोठा निर्दय होता. जादू नाही, संजीवनी नाही. हात तुटला की तुटला. बेकरीवाला एरवी मुंगी मारायला कचरायचा, पण जखमांचं वर्णन असं करायचा की खेळायला येणाऱ्या शाळेतल्या मास्तरांच्या हातातलं बिस्कीट हातातच राहायचं.

ताईला या खेळात धाकट्या भावाने ओढलं होतं. ती इस्पितळात एक्स-रे काढायची. "दिवसभर मोडकी हाडं बघतेस, रविवारी थोडी स्वतः मोड," असं म्हणून त्याने तिला आणून बसवलं. मग उन्हाळ्यात त्याची मोटारसायकल घसरली आणि तोच गेला.

त्याची खुर्ची कुणी हलवली नाही. दुसऱ्याच्या फाशांना हात लावायचा नाही, हा त्यांचा पहिल्यापासूनचा नियम. त्यामुळे त्याचे हिरवे फासेही जागच्या जागी. त्याचा शिपाई मारणं सगळ्यांच्याच जिवावर आलं. बेकरीवाल्याने त्याला जखमी करून किल्ल्याच्या तळघरात ठेवला. दर रविवारी सुरुवातीलाच तो म्हणायचा, "धाकटा तळघरात आहे. आहे तसाच." मग खेळ सुरू. ताईला त्याचं बरं वाटायचं नाही आणि वाईटही वाटायचं नाही. दाताच्या डॉक्टरने भूल दिलेला गाल असतो ना, तशी ती सगळीच झाली होती. कामावर जायची, जेवायची, शत्रू कापायची.

त्या रविवारी शत्रू तळघरात शिरला.

"आता धाकट्यासाठी फासे टाकावे लागतील," बेकरीवाला चाचरत म्हणाला. "ताई, तूच टाक. दुसऱ्या कुणी नको."

तिने हिरवे फासे उचलले. ते कोमट होते. उन्हाने तापले असतील, असं तिला वाटलं. पण त्या बाजूला ऊन येतच नव्हतं.

फासे पडले. बेकरीवाला जखमा सांगू लागला. "डावा खांदा, पुढचं हाड. मग डाव्या बरगड्या. वरच्या नाहीत, मधल्या. त्यातली एक आत वळलेली."

ताईने मान वर केली. याच क्रमाने तिने ते पाहिलं होतं, पडद्यावर, वरून खाली. त्या दिवशी ड्यूटीवर तीच होती. मित्रांना गाडी घसरली एवढंच ठाऊक होतं. हाडांबद्दल तिने आईजवळही ब्र काढला नव्हता.

"मेला?" मास्तरांनी विचारलं.

"नाही." बेकरीवाल्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. "श्वास धरून पडलाय."

"म्हणजे काय? असं आपल्या खेळात कुठे असतं?"

"नसतं. तोंडातून निघून गेलं."

ताईला काचेमागची खोली आठवली. रोज शंभरदा म्हणायची तसंच ती म्हणाली होती: श्वास घे. धर. धाकट्याने शहाण्यासारखा धरला. चित्र पडद्यावर आलं, आणि ते बघून ती डॉक्टरांना हाक मारायला धावली. 'सोड' म्हणायचं राहून गेलं. परत आली तोवर सगळं आटोपलं होतं.

खाली ट्रे आपटल्याचा आवाज आला आणि थांबला.

"ताई, आता बास करायचं का त्याचं?" मास्तर हळूच म्हणाले. "तू म्हणशील तसं."

सगळे तिच्याकडे बघत होते. त्याला जाऊ द्यायला हवं, हे तिला कळत होतं. पण तो गेला की 'आहे तसाच' हे वाक्यही जाणार होतं, आणि आठवडाभर ती तेवढंच ऐकायची वाट बघायची.

"राहू दे," ती म्हणाली. "आहे तसाच राहू दे."

बेकरीवाल्याने सुटकेचा श्वास टाकला. मास्तरांनी बिस्कीट उचललं.

तेवढ्यात तिच्या कानाशी, रिकाम्या खुर्चीच्या बाजूने, छाती भरून धरलेला माणूस बोलेल तशा दाबलेल्या आवाजात कुणीतरी विचारलं,

"ताई, सोडू का?"

ताईने खुर्चीकडे न बघता आपले फासे ओंजळीत खुळखुळवले.

"आता कोण टाकणार?" तिने विचारलं.