किल्लारीची भुकटी

ही गोष्ट मी रचलेली नाही. माझ्या सख्ख्या बहिणीवर, गौसियाआपावर, हे दोनदा ओढवलं. दोन्ही वेळा मी तिथंच होतो.

२००६ साल. अनंत चतुर्दशीची दुपार. विष्णुपुरीजवळचं एक कॉलेज, सुट्टीमुळं ओस पडलेलं.

आपा तिथं संशोधन करायची. जनावरांची हाडं भाजून पांढरी भुकटी करायची, तिच्यात लोह मिसळायची. मोडलेल्या हाडात ती भरली तर बाहेरून चुंबकानं जागेवर धरता येईल, असा तिचा विचार. पण आधी बघायचं होतं, जिवंत पेशी तिच्यात तगतात का.

तगत होत्या.

मग तिच्यासोबत काम करणाऱ्या हरिओमनं किल्लारीहून पोतंभर फुटकी हाडं आणली. त्र्याण्णवच्या भूकंपात पडलेल्या त्यांच्या गोठ्यातली.

"म्हशीची हायती," तो म्हणाला. "एकदम बारीक कर. तुकडा ठिवू नको."

एकदा आणून टाकल्यावर स्वतः मात्र त्यानं पोत्याला परत हात लावला नाही.

त्या दुपारी मी डबा घेऊन गेलो, तर आपा घामाघूम.

"साद, किल्लारीच्या भुकटीत मी अजून लोह घातलंच नाही. तरी सगळ्या पेशी मेल्या. आणि हे बघ..."

तिनं बाटलीजवळ चुंबक नेला.

भुकटी उसळून काचेला चिकटली.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला.

आणि ऐकू आलं...

टक्. टक्. टक्.

बाटलीच्या आतून. कुणी नखानं ठोकावं तसं.

आपानं चुंबक लांब फेकला. ठोकणं थांबेना.

हरिओम दारात उभा होता. कधी आला, कळलंच नाही.

"नदीत टाक ती!" तो ओरडला आणि बाटलीवर झेपावला.

ओढाताणीत बाटली आपाच्या मुठीतच फुटली. तळहात चिरला. भुकटी जखमेत गेली.

हरिओमनं तिच्या रक्ताकडं बघितलंसुद्धा नाही. फरशीवरची भुकटी तो चपलेनं रगडत राहिला... रगडत राहिला...

आवाज बंद झाला होता.

पुढं त्यानं संशोधन सोडलं. लातूरला कोचिंग क्लास काढला. चौकाचौकात त्याचे फोटो लागले. आपाची जखम भरली. आम्ही तो विषय टाळला.

२०१९ मध्ये तिची मान धरली म्हणून लातूरला एमआरआय काढायला गेलो. तिला त्या अरुंद बोगद्यात सरकवलं. मी काचेपलीकडं.

यंत्र ठोकू लागलं.

आपाचा उजवा हात आपोआप उचलला गेला... तळहात वरच्या बाजूला चिकटला.

मग स्पीकरमधून आवाज आला. तो आपाचा नव्हता.

"दगड काढा... लई दगड हायती..."

टेक्निशियननं घाबरून बटण दाबलं. ठोकणं थांबलं. आवाज थांबला नाही.

"हरिओम, गोठ्याची कडी काढ. म्या न्हाई सांगत बापूला. कडी काढ रं..."



मग, अगदी हळू...

"बरं. मीच येते."

बाहेर आल्यावर आपाला काही आठवत नव्हतं.

मी हरिओमला फोन लावला. एवढंच सांगितलं, की यंत्रात दुसऱ्याच कुणा बाईचा आवाज आला.



"महानंदाताई आसंल," तो म्हणाला. "माझी थोरली बहीण. भूकंपात घराखाली गेली. सापडलीच न्हाई."



"साद... कडीचं बोलली का ती?"

मी त्याला कडीचं सांगितलंच नव्हतं.

मी फोन ठेवून दिला. घरीही कुणाला बोललो नाही. आपाला तर नाहीच.

काल आपा भाजी निवडत बसली होती. मान खालीच ठेवून तिनं सहज विचारलं, "लातूरला हरिओमचा क्लास नेमका कुठं हाय?"

आपा आयुष्यात कधी 'हाय' म्हणालेली नाही.