चार वर्षांचा अबोला

सासूबाई सकाळपासून बोलत नव्हत्या, आणि घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही... वाटणार कसं? सुनेशी त्यांचा चार वर्षांचा अबोला, आणि पारा चढला की तो साऱ्या घराला पुरायचा! मुलगा दाढी करता करता म्हणालाही, दे सोडून, रुसली असेल. पण कप उचलायला गेलेला त्यांचा उजवा हात टेबलावर नुसताच पडून राहिला, ओठाची एक कड ओघळली, आणि सून हातातलं काम टाकून पुढे धावली. रुसल्या की या माउलीचे ओठ कसे घट्ट मिटतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

"आई, दोन्ही हात वर करा बघू," ती म्हणाली. एकच हात वर गेला.

इस्पितळात डॉक्टरांनी आधी विचारलं, शेवटचं नीट कधी बोलल्या? मुलगा आणि धावत आलेली नणंद एकमेकांकडे बघत राहिले.

"सव्वासातला," सून म्हणाली. "दूध उतू गेलं म्हणून मला ऐकू जाईल असं भिंतीशी बोलल्या."

त्या वेळेवरून उपचार ठरले. मांडीतून बारीक नळी घालून मेंदूतली गुठळी काढली. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, मोठी वाट मोकळी झाली आहे, पण आतल्या गल्लीबोळांत रक्त पोचतंय का, ते इतक्यात सांगता येत नाही. वाचा परत येईलच असं नाही.

तीन दिवस गेले... एक शब्द नाही! सून उशाशी बसून तो निश्चल हात हातात घेऊन राहिली. जन्मभर टोचून बोला, पण बोला हो... एवढंच तिचं मागणं होतं.

चौथ्या दिवशी नणंदेचा तोल सुटला. चार वर्षांपूर्वी भावाची परदेशातली नोकरी हिनेच हट्टाने सोडायला लावली, त्याच घोराने आईची ही दशा झाली, असं ती भर वॉर्डात म्हणाली. सून नेहमीसारखी खाली मान घालून ऐकत राहिली. मुलाला मात्र आता ते साहवेना.

"ताई, मला दारूपायी काढून टाकलं होतं. आईला सोसायचं नाही म्हणून हिने ते स्वतःवर घेतलं... आणि मी घेऊ दिलं."

सासूबाई टक लावून ऐकत होत्या. डोळ्यांना धार लागली, ओठ थरथरले, आणि अडखळत, चाचपडत आवाज फुटला.

"मला... का गं... नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे, आई," सून म्हणाली, आणि त्यांच्या कुशीत तोंड खुपसून पोटभर रडली.