फ्रीमाँटच्या दारातलं ‘येते?’

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. बनवलेली असती, तर मी हिला बरा शेवट दिला असता.

घडली ती माझ्या सख्ख्या मावसबहिणीकडे, सरलाताईकडे. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला. १९८८ सालचा नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगची आदली संध्याकाळ. मध्यरात्र नव्हती, अमावस्या नव्हती, पिंपळ तर नव्हताच. टाउनहाउस होतं. मायक्रोवेव्ह होता. आणि स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात उघडणारं, सरकतं काचेचं दार होतं.

जे झालं ते त्या दारात.

आधी माणसं सांगते. सरलाताई मूळची नागपूरची. लग्न करून गिरीशभाऊजींबरोबर अमेरिकेत आली आणि सर्किट बोर्ड जोडायच्या एका कारखान्यात लागली. दिवसभर भिंगाखाली डोळे घालून बारीक तारा डागायच्या. तिच्या शेजारच्या स्टुलावर लिएन बसायची.

लिएन व्हिएतनामची. होडीतून पळून आलेली. एकटी. सरलाताईच्याच कॉम्प्लेक्समध्ये, पलीकडच्या ओळीत एका खोलीत राहायची. कारखान्यातून दोघी एकाच गाडीतून यायच्या आणि सरलाताईकडे चहा झाल्याशिवाय लिएन काही घरी जात नसे. बोलणं मोडक्या इंग्रजीत. मी ते मराठीत सांगते, कारण त्या दोघींची भांडणं मराठीत जास्त शोभतात.

बोलण्याचा विषय एकच. क्वांग नाम. लिएनचा प्रांत.

"एका हाताला डोंगर, एका हाताला समुद्र. मधे चिंचोळी जमीन, तिच्यात आम्ही," लिएन सांगायची. "नदीकाठी जुनं बंदराचं गाव. पिवळ्या भिंती, कौलं. आणि आत डोंगरांच्या ओंजळीत लाल विटांची देवळं. हजार वर्षांची. तुमच्या शंकराची."

"आमच्या शंकराची? तो तिकडे काय करतोय?"

"तू इथे काय करतेयस?"

 सरलाताई आणखी एक कप चहा ओतायची.

अंगणाच्या कुंपणापलीकडे फ्रीवे होता, भरधाव गाड्यांचा रुंद रस्ता. चोवीस तास घूं... घूं... गिरीशभाऊजी त्याला शिव्या द्यायचे. लिएनला तो आवडायचा. म्हणायची, "डोळे मिटले की आमचा समुद्र."

आता तो शब्द.

आपल्यात निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही. ‘येते’ म्हणायचं, आणि घरातल्याने ‘ये हं’ म्हणायचं. सरलाताईच्या मैत्रिणींना असं करताना लिएनने पाहिलं आणि अर्थ विचारला. अर्थ कळल्यावर ती हसत सुटली.

"जाताना ‘येते’? तुम्ही लोक दारातच खोटं बोलता?"

"खोटं नाही गं. परत येईन म्हणून शब्द द्यायचा."

लिएनचं हसू थांबलं.

मग तिने सांगितलं. त्यांच्यात घराबाहेर पडताना मोठ्यांना सांगून निघायची रीत आहे. ‘मा, मी जाते.’ मा म्हणजे आई. ज्या पहाटे ती होडीकडे गेली, तेव्हा मा झोपली होती. उठवली असती तर मोठ्याने रडली असती, आणि रडणं पहाऱ्यावरच्यांनी ऐकलं असतं. लिएन न सांगता निघाली.

"‘जाते’सुद्धा म्हटलं नाही मी," ती म्हणाली. "एकदा परत जाऊन तेवढं म्हणायचंय."

त्या दिवसापासून रोज निघताना ती मागच्या दारात थांबायची आणि ‘येते’ म्हणायची. पण त्यांची भाषा वरखाली गाणारी. ती या शब्दाचंही शेपूट वर ओढायची. ‘येते?’

"अगं विचारतेस काय? सांगायचं असतं!" सरलाताई चिडवायची. "बरं, ये बाई, ये."

असा तो दोघींचा खेळ झाला.

अठ्ठ्याऐंशीत तिकडे जायला परवानगी मिळू लागली, तशी लिएन उठली. म्हणाली, तूही चल, तुझा शंकर दाखवते. सरलाताईला तर क्वांग नामचं आधीच वेड लागलं होतं.

आणि मग सुरू झाला नन्नाचा पाढा.

लिएनचा व्हिसा बँकॉकमार्फत आला. सरलाताईचा येईना. फोन केला की ‘नेक्स्ट वीक’. पुढच्या आठवड्यातही ‘नेक्स्ट वीक’. सुपरवायझर म्हणाला, दोघींना एकदम रजा मिळणार नाही. गिरीशभाऊजी म्हणाले, "सरला, यार, शंकरच बघायचा तर त्र्यंबकेश्वर आहे ना! तिकडे आपलं कोण आहे?"

शेवटी लिएन एकटीच निघाली. विमानाला जायच्या आधी बॅग घेऊन मागच्या दारात आली.

"येते?"

सरलाताई ओट्याकडे तोंड करून भांडी घासत राहिली. आपल्याला जाता येत नाही याचा राग होता. कुणावर, ते तिलाही माहीत नव्हतं.

‘ये’ म्हणाली नाही.

लिएन थोडी थांबली... मग दार सरकल्याचा आवाज आला.

पहिले काही दिवस काहीच नाही. फोन करावा, तर अमेरिकेतून व्हिएतनामला फोनच लागत नव्हता. ऑपरेटर ‘सॉरी मॅम’ म्हणून मोकळी. लिएन पोचली का, आई भेटली का, कळायला मार्ग नाही. आणि इकडे तो न म्हटलेला ‘ये’ सरलाताईच्या घशात माशाच्या काट्यासारखा.

एका संध्याकाळी तिने चहाचं आधण ठेवलं होतं. बाहेर अंधारून आलेलं. मुलगी, संध्या, टेबलावर अभ्यास करत होती.

आणि...

फ्रीवे थांबला.

घूं-घूं एकदम बंद. इतकी वर्षं कानात बसलेला आवाज गेला, की कान दुखतात म्हणे. मग लांबून दुसरा आवाज आला. येणारा... फुटणारा... मागे ओढला जाणारा.

आणि दाराबाहेरून...

"येते?"

सरलाताईच्या हातातल्या चिमट्यातली पातेली कलंडली. धावत जाऊन तिने दार सरकवलं.

अंगण रिकामं.

फ्रीवे पुन्हा सुरू.

"संध्या, ऐकलंस?"

"आई, देअर इज नोबडी देअर," संध्या वहीतून डोकं न उचलता म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्याही. आधी फ्रीवे थांबायचा, मग लाट, मग तो शब्द, शेपूट वर ओढलेला. दार उघडावं तर कुणी नाही. दिवा लावून बघितलं. कुंपणापलीकडे डोकावून बघितलं. शेजारीण काय हो शोधताय म्हणाली, तिला मांजर म्हणून सांगितलं.

गिरीशभाऊजींनी दाराच्या रुळात तेल घातलं.

"गंज चढलाय, त्याचा आवाज," ते म्हणाले.

"गंज मराठी बोलतो?"

"तू दमलीयस, सरला."

एकच गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. आवाज लिएनसारखा होता... पण लिएनचा नव्हता. घोगरा होता. म्हातारा. सर्दी झाली असेल, असं ती स्वतःला सांगत होती. दाराबाहेर नसलेल्या माणसाला सर्दी!

मग आली थँक्सगिव्हिंगची आदली संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी पाहुणे. पुरणाची डाळ शिजत नव्हती. कारखान्यात त्या दिवशी सुपरवायझरने सरलाताईलाच विचारलं होतं, की तुझी मैत्रीण परत येणार आहे का, नाहीतर तिच्या जागी दुसरी बघतो. आणि सकाळी व्हिसावाल्यांचं पुन्हा ‘नेक्स्ट वीक’.

फ्रीवे थांबला.

लाट आली.

"येते?"

सरलाताईचा तोल गेला. डाव आपटून ती ओरडली, "ये ना बाई, ये! किती वेळा विचारशील? ये एकदाची!"

क्षणभर काहीच नाही...

मग दार सरकलं. आपोआप. तेल घातलेल्या रुळावरून, बिनआवाज.

ओल्या वाळूचा वास आत आला. फरशीवरून काहीतरी गार, हळू, सरलाताईच्या पावलांना वळसा घालून गेलं. म्हातारं माणूस परक्या घरात अंग चोरून चालतं ना, तसं.

आणि फ्रीवे पुन्हा सुरू झाला.

त्यानंतर बाहेरून कधीच कुणी ‘येते?’ म्हटलं नाही.

घरात मात्र एक झालं. स्वयंपाकघरात एक वेताची खुर्ची होती. तिचं तोंड टेबलाकडे. सकाळी उठावं, तर खुर्ची खिडकीकडे. फ्रीवेच्या बाजूला. सरलाताई ती फिरवून ठेवायची. कामावरून यावं, तर पुन्हा खिडकीकडे. भाऊजी संध्याला रागावले. संध्या म्हणाली, "व्हाय वुड आय?" आणि रडली. शेवटी सरलाताईने खुर्ची फिरवणंच सोडलं.

डिसेंबरात लिएन परत आली. जिवंत, धडधाकट, जरा वाळलेली.

आली ती याच दारातून. आत पाऊल टाकलं, आणि खुर्ची बघून जागीच थांबली.

"ही अशी कुणी ठेवली?"

"का?"

"माझी मा अशी बसायची. समुद्राकडे तोंड करून."

सरलाताईने तिला बसवलं, चहा दिला. मा पावसाळ्याच्या सुरुवातीलाच गेली होती. लिएन पोचायच्या आधी. डोंगर आणि समुद्राच्या मधल्या वाळूत तिचं थडगं. लिएन रोज सकाळी उदबत्ती घेऊन तिथे जायची. निघताना ‘मा, मी जाते’ म्हणायचं होतं. त्याच्यासाठी तर एवढी गेली होती. पण ‘जाते’ तोंडातून निघेना.

"मग काय म्हणालीस?"

"तुमचं ते. ‘येते.’ रोज."

तिथली सकाळ म्हणजे इथली आदली संध्याकाळ. सरलाताईने कप खाली ठेवला.

"शेवटच्या दिवशी गेले," लिएन म्हणाली, "तर तिथे कुणी नव्हतं. थडगं तेच, वाळू तीच. पण... रिकामं. कुणी घर सोडून गेल्यासारखं. तुझी देवळंसुद्धा नाही बघता आली, सरला. डोंगरात युद्धातले सुरुंग अजून आहेत म्हणून वाटेतच अडवलं. काहीच नाही झालं मनासारखं."

तेव्हा सरलाताईने सगळं सांगितलं. फ्रीवे, लाट, शब्द. आणि लिएन समजून आपण ओरडून म्हटलेला, तिच्या आईने घेतलेला ‘ये’.

लिएनने अविश्वास दाखवला नाही. तेच वाईट. ती खुर्चीसमोर खाली बसली. मा, मा करत त्यांच्या भाषेत किती वेळ बोलली. कान देऊन बसली.

फ्रीवेची घूं-घूं. बाकी काही नाही.

अंधार पडला तशी ती उठली. डोळे पुसले. दारात जाऊन वळली आणि सवयीने म्हणाली,

"येते?"

सरलाताईने ‘ये’ म्हणायला तोंड उघडलं...

आणि तिच्या पाठीमागून, खुर्चीच्या बाजूने...

"ये."

घोगरं. म्हातारं. शब्द नुकताच शिकलेल्या माणसासारखं, जपून.

सरलाताईने लिएनकडे पाहिलं. लिएन अजून उत्तराची वाट बघत उभी होती.

तिला ऐकू गेलंच नव्हतं.

"म्हणाली," सरलाताई पुटपुटली. "लिएन... ती ‘ये’ म्हणाली गं."

लिएन धावत आत आली. खुर्ची धरून हलवली. "मा! मा!" मग सरलाताईवर उलटली. "मला का नाही ऐकू येत? आई माझी आहे! तुझी नाही!"



पुढच्या उन्हाळ्यात मी न्यू जर्सीहून त्यांच्याकडे राहायला गेले, तेव्हा हे सगळं मला कळलं. लिएनने आईला क्वांग नामला परत न्यायचं ठरवलं होतं, पण रजा मिळत नव्हती. स्वतःच्या खोलीवर बोलावून पाहिलं. खुर्ची तिकडे नेऊन ठेवली. सकाळी सरलाताईच्या स्वयंपाकघरात दुसरीच खुर्ची खिडकीकडे फिरलेली. ‘जा’ म्हटलं असतं तर कदाचित गेली असती. पण आईच्या वयाच्या पाहुणीला, आपणच बोलावून, ‘जा’ कोण म्हणेल? सरलाताईची जीभ रेटेना. लिएनची तर नाहीच नाही.

मी असेपर्यंत रोज बघितलं. लिएन चहा पिऊन उठायची, दारात ‘येते?’ म्हणायची, आणि सरलाताईच्या तोंडाकडे बघत थांबायची. सरलाताई जरा वेळाने मान हलवायची, म्हणजे मा ‘ये’ म्हणाली. मग लिएन घरी जायची.

रोज खरंच उत्तर यायचं का, ते मी सरलाताईला विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी सरलाताई माझी बॅग गाडीत ठेवायला पुढे गेली होती. भाऊजी गाडीत. संध्या शाळेत. मी स्वयंपाकघरातला दिवा मालवला आणि वळता वळता, नेहमीच्या सवयीने, माझ्याच तोंडून गेलं...

"येते हं."

फ्रीवे थांबला.

"ये."

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी कुणाकडूनही उठताना ‘निघते’ म्हणते. लोक म्हणतात, ही काय भाषा तुझी.

फ्रीमाँटला मी परत गेलेले नाही. सरलाताई फोनवर रागावते. पण तिथून निघताना ‘येते’ म्हणून शब्द देऊन आलेय मी. आणि खिडकीशी बसून कुणीतरी तो शब्द खरा धरलाय.