आकडा खरा ठरतो

तगांक बारा आला हे कळल्यावर नितेशनं पहिला प्रश्न विचारला तो असा, "गावात कुणाला कळंल का गं?"

हर्षलानं नवऱ्याकडे नुसतं बघितलं. अडतीस किलोचं शरीर, जिभेवर पांढरी बुरशी, आणि काळजी कसली, तर गावाची.

"कळू दे की," ती म्हणाली. "तेराव्याला जेवायला येतीलच सगळे. तेव्हाच सांगू."

तपासणी केंद्राच्या हॉलमध्ये शेजारच्या बाकावर बसलेला म्हातारा खुदकन हसला आणि लगेच त्यानं खोकल्याचं सोंग आणलं.

तगांक म्हणजे तग धरण्याचा अंक. पूर्वी एचआयव्ही शरीरात किती पुढे गेलाय हे सीडी-फोर पेशी मोजून ठरवत. या पेशी म्हणजे शरीराच्या फौजेतले हाकारे. शत्रू शिरला की बाकीच्यांना हाका मारून उठवणारे. पण एक कोडं सुटत नसे. दोन माणसांच्या पेशी सारख्याच कमी, तरी एक तीन महिन्यांत जातो आणि दुसरा नातवाच्या बारशाला पेढे वाटतो. असं का? मग ध्यानात आलं, की उरलेली फौज किती दमली आहे, रक्तात दाह किती धुमसतो आहे, याच्याही खुणा रक्तातच सापडतात. एका यंत्रानं हजारो रुग्णांच्या अशा खुणा आणि त्यांचं पुढं काय झालं हे ताडून पाहिलं, आणि शून्य ते शंभरातला एक आकडा द्यायला सुरुवात केली. यंत्र अजूनही शिकत होतं. प्रत्येक रुग्ण जगला की गेला, ते परत त्याला कळवलं जाई.

आकडा पंचवीसच्या वर असेल तर 'उभारी' मिळे, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या ताज्या पेशी कित्येक महिने शरीरात सोडत राहायच्या. उभारीच्या खाटा थोड्या होत्या. म्हणून पंचवीसच्या खालच्या माणसाला मागच्या इमारतीत, 'विसावा' कक्षात नेत. तिथं दुखू देत नसत, मऊ भात देत, खिडकीबाहेर बाग होती. विसाव्यातून आजवर कुणी चालत बाहेर आलं नाही, हे केंद्रात अभिमानानं सांगत. त्यावरून यंत्र किती अचूक आहे ते कळतं म्हणे.

हर्षलाला या माणसाचा राग होता, आणि तो शिळा झाला नव्हता. अन्वी पोटात असताना तिची तपासणी पॉझिटिव्ह आली, तेव्हा नितेश म्हणाला होता, "तुझ्या माहेरचं असंल. मला काय धाड भरलीय?" औषधांमुळे अन्वी वाचली, तिला काही झालं नाही. हर्षला मात्र बाळंतपणानंतर टीबीनं अंथरुणाला खिळली. उभारी घेऊन ती उठली. हा तीन वर्षं द्राक्षबागांवर ड्रोन उडवत फिरला, आणि रक्त द्यायला आला तो थेट उचलून आणावा लागला तेव्हा.

फलकावर नंबर लागला. त्याला बाकावर आडवा करून ती एकटीच आत गेली.

डॉ. वसुधा चौगुले यंत्र घडवणाऱ्या गटातल्या. केबिनचं दार लावून मगच त्या रुग्णाचं नाव घेत. बाहेर कुणाचंही नाव उच्चारायचं नाही, हा केंद्राचा कडक नियम होता. लोक दुसऱ्या जिल्ह्यातून येत, तोंड बांधून बसत, आणि छातीवरच्या बिल्ल्याचा नंबर लागला की उठत.

"हर्षला, आधी तुझ्याबद्दल बोलायचंय. जुन्या नमुन्यांचे रक्तगट आम्ही आता तपासून घेतोय. तुझा गट ओ. पण तीन वर्षांपूर्वी ज्या रक्तावरून तुझा तगांक काढला, ते बी निघालं. ते तुझं नव्हतं. त्याच दिवशीच्या दुसऱ्या एका बाईच्या नमुन्याशी अदलाबदल झाली होती."

हर्षलाला ती दुपार आठवली. मांडीवर तापानं फणफणलेली अन्वी, आणि शेजारी रंजनामावशी. त्यांचं नावही तिला पुढं केव्हातरी कळलं. "माझा नंबर आलाच बघ. तू हो म्होरं, पोर रडतंय," म्हणत मावशींनी आपला बिल्ला तिच्या छातीवर लावला होता आणि तिचा स्वतः घेतला होता. रक्त देऊन झाल्यावर दोघींनी बिल्ले परत बदलले. नाव विचारायचंच नाही म्हटल्यावर आत तरी कोण विचारणार?

"मग माझा आकडा किती होता?"

"नऊ."

"आणि मावशींचा?"

"चौसष्ट. तो तुझ्या नावावर लागला."

रंजनामावशींना विसाव्यात नेलं होतं. महिन्याभरात त्या गेल्या. यंत्राचा अंदाज खरा ठरला होता.

"म्हणजे नऊची बाई उभारी घेऊन तुमच्यासमोर उभी आहे," हर्षला म्हणाली, "आणि चौसष्टची बाई मऊ भात खाऊन मेली."

"असं दोन माणसांवरून काही—"

"मग किती माणसांवरून? पंचवीसच्या खालच्या किती जणांना दिलीत उभारी आजवर?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण उघडलं, परत लावलं. "आकडा सुरू झाल्यापासून... कुणालाच नाही."

"मग ते जगले नसते, हे कशावरून?"

"यंत्र सांगतं."

"आणि यंत्राला कोण सांगतं?"

"विसाव्यातल्या नोंदी," असं म्हणताना डॉक्टरांचा आवाज खाली गेला.

"छान! पोराला पहिल्याच दिवशी ढ ठरवायचं, पुस्तक द्यायचं नाही, आणि नापास झालं की म्हणायचं, बघा, बोललो नव्हतो?" हर्षला म्हणाली. "आमचं दोघींचं कळवा त्या यंत्राला. आत्ता."

"समितीपुढं ठेवलं होतं मी. नमुन्यांचा घोटाळा झाला की ती नोंद बाद, असा नियम आहे. यंत्र चुकीचं शिकू नये म्हणून. तुमच्या दोघींच्या नोंदी काल पुसल्या."

"एकदाच, चुकून का होईना, खरं काय ते दिसलं होतं. तेच पुसलंत?"

खणातून डॉक्टरांनी एक रक्तटिकली काढली. रुपयाएवढी चकती, दंडावर चिकटवली की न दुखता रक्ताचे थेंब शोषून घेते. "फेरतपासणी एकदा मिळते प्रत्येकाला. आकडा तीन-चारानं हलतो, फार नाही. घरून लावून आणली तरी चालेल. रक्तगट तेवढा जुळवून बघतात." एवढं बोलून त्या खिडकीकडे वळल्या आणि बराच वेळ वळूनच राहिल्या.

रक्तगट दोघांचाही ओ होता. हे हर्षलाला पक्कं ठाऊक होतं, कारण लग्न ठरताना सासूबाईंनी पत्रिकेसोबत रक्तगटाचा कागदही मागवला होता. रक्तात काय आहे, हे विचारायची मात्र तेव्हा कुणाला गरज वाटली नव्हती.

लॉजच्या खोलीत तिनं टिकली स्वतःच्या दंडावर चिकटवली.

"हे काय करतीस?" नितेशनं कण्हत विचारलं.

"गप पड. जरा वेळ तुझ्या नावानं जगतेय."

त्यात प्रेमबिम काही नव्हतं. त्यानं मरून सुटावं, हे तिला मंजूर नव्हतं. अन्वी मोठी झाल्यावर कधीतरी विचारणार होती, आणि तेव्हा उत्तर द्यायला त्यानं समोर बसलेलं तिला हवं होतं.

आकडा एकाहत्तर आला. पहिल्या वेळी आकडा उतरवताना चूक झाली असणार, असं म्हणत केंद्रातल्या लोकांनी तिलाच पेढा दिला. नितेशला उभारी मिळाली. पहिले दोन महिने तो आज जातो का उद्या, असा होता. तिसऱ्या महिन्यात त्यानं भाजीत मीठ कमी आहे म्हणून ताट सरकवलं, आणि हर्षलानं ओळखलं, हा जगला.

वर्षाअखेरीस हॉलच्या फलकावर सूचना लागली. यंदाचे सर्व अंदाज खरे ठरल्यामुळे तगांकावरचा विश्वास वाढला आहे. सबब उभारीची मर्यादा पंचवीसवरून तीस करण्यात येत आहे.

सर्व अंदाज म्हणजे त्यात नितेशही आला. एकाहत्तरचा माणूस जगेल म्हणाले होते, जगला.

ती तशीच डॉ. चौगुलेंच्या केबिनमध्ये शिरली. "मी सांगून टाकते सगळ्यांना. ती टिकली माझी होती. हा बाराचा माणूस आहे, आणि जिवंत आहे."

"सांग," डॉक्टर म्हणाल्या. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. "घोटाळा म्हणून नोंद पुसतील."

"आणि गप्प बसले तर?"

"तर एकाहत्तरची नोंद राहील. यंत्र तिच्यावरून शिकत राहील."

हर्षलानं दार उघडलं ते इतक्या जोरात, की बाहेर बाकावर झोपलेलं एक तान्हं दचकून रडायला लागलं. त्याच्या आईनं त्याला छातीशी धरलं. पोरसवदा होती, तोंडाला ओढणी, हातात नुकताच मिळालेला आकडा.

"ताई, अठ्ठावीस चांगला असतो ना हो?"

"होता," हर्षला म्हणाली. "कालपर्यंत होता."