मूळ स्थितीत

गाड्यांचे मालक तिला भिंगवाल्या बाई म्हणत. पाठीमागे नुसतंच भिंगवाली. जुन्या गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या एका संस्थेत ती तपासणीचं काम करी. लोकांच्या लेखी जी गाडी केव्हाच भंगारात जायला हवी होती, ती एखादा वेडापीर पुसूनपुसून, झाकून जपायचा, आणि उद्या तिला मोल येईल या आशेवर संस्थेकडे नोंदवायला धावायचा. मग ही जायची आणि गाडीतलं मूळचं काय नि मागाहून बसवलेलं काय, ते भिंगातून शोधायची. एक दिवा जरी बदललेला निघाला तरी गाडीचा दर्जा खाली. मालक गयावया करत, एखादा चक्क रडे, पण तिच्या भिंगाने कधी कुणाची भीड धरली नाही. "माझीही नोंद करून टाक," तिचा नवरा म्हणायचा, "एक गुडघा सोडला तर बाकी सगळं मूळचं आहे."

त्या दुपारी तिला एकच गाडी पाहायची होती. ती पाहून झाली की लेकीला पोहण्याच्या वर्गावरून घरी आणायचं, की दिवस संपला. लेक पहिलीत होती. मागच्या खेपेला आईला उशीर झाला तेव्हा पोर ओल्या केसांनी पायरीवर बसून राहिली होती आणि आईला पाहून रडली नाही की रुसली नाही, काही बोललीच नाही. ते न बोलणं आईच्या जिव्हारी लागलं होतं. पुन्हा असं होणार नाही, असा शब्द तिने लेकीला दिला होता, आणि दिलेला शब्द पाळणारी म्हणून तिची ख्याती होती.

गाडीचा मालक एक निवृत्त दंतवैद्य होता. घर गल्लीच्या टोकाला, आणि गॅरेज घराच्या मागे, बागेपलीकडे. डॉक्टर उंच, सडपातळ, नुकतेच साबणाने हात धुऊन आल्यासारखे. आवाज इतका मऊ की हा माणूस आयुष्यभर लोकांना "दुखणार नाही हं" असं सांगत आला असणार, हे कुणीही ओळखावं. त्यांनी गॅरेजचं दार सरकवलं आणि आधी तिला आत जाऊ दिलं.

गाडी एका पारदर्शक प्लास्टिकच्या तंबूत उभी होती. कोपऱ्यातला पंखा तंबूत कोरडी हवा भरत होता आणि त्या हवेने तंबू टम्म फुगलेला होता. गंज चढू नये म्हणून असे तंबू करतात, ते तिने अनेक पाहिले होते. आतली गाडी मात्र पाहण्यासारखी होती. लांबलचक, काळी, कुठल्याशा कंपनीच्या अध्यक्षांसाठी बनवलेली. टायर बसू नयेत म्हणून ती लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवलेली होती. पुढच्या आणि मागच्या सीटच्या मध्ये जाड काचेची भिंत होती, म्हणजे मागे काय बोलणं चाललंय ते ड्रायव्हरला ऐकू जाऊ नये. तंबूची चेन उघडल्यावर मेणाचा आणि चामड्याचा वास आला, आणि त्याच्या तळाशी आणखी एक, बंद कपाटात विसरलेल्या ओल्या रुमालासारखा.

मागच्या काचा आतून धुरकटलेल्या होत्या. इतक्या कोरड्या हवेत वाफ कशी धरते, असं तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, मागच्या काचांचं नेहमीचंच आहे ते, मी पुसतो अधूनमधून.

तिने तिच्या रिवाजाप्रमाणे घड्याळ, अंगठी, किल्ल्या आणि फोन काढून तंबूबाहेरच्या फळीवर ठेवले. रंगाला किंवा चामड्याला एवढासा ओरखडा गेला तरी मालक जन्मभर नावं ठेवतो. चपलाही काढल्या. मग भिंग घेऊन ती गाडीभोवती फिरू लागली, आणि जसजशी फिरत गेली तसतशी खूश होत गेली. पत्रा मूळचा, रंग मूळचा, दिवे मूळचे. असं क्वचितच पाहायला मिळतं. डॉक्टर दोन पावलं मागून चालत सांगत होते की कंपनीने ही विकायला काढली तेव्हा त्यांनीच घेतली. ते चालवायचे आणि बायको मागे बसायची.

"लोक मला ड्रायव्हर समजायचे," ते हसून म्हणाले. "मला गंमत वाटायची. तिलाही वाटत असावी. बोलायची नाही ती कधी. छान बसायची."

मागच्या दारापाशी मात्र भिंग थबकलं. दाराचं आतलं हँडल मोडलेलं होतं, त्याचा नुसता बुंधा उरला होता. पलीकडच्या दाराचंही तसंच. डॉक्टरांनी खुलासा केला, की आधी हे मोडलं, मग ती पलीकडे बसायला लागली, तर काही दिवसांनी तेही मोडलं. काचा खाली करायच्या दांड्या त्यांनी स्वतःच काढून ठेवल्या होत्या, काच उघडी राहिली की धूळ येते म्हणून. घरात होत्या, कापडात गुंडाळून, अगदी मूळच्या.

"मग दुसरं हँडल नाही बसवलंत?"

"मूळचं मिळत नाही. आणि दुसरं बसवलं तर तुम्हीच दर्जा खाली आणाल." मग जरा थांबून ते म्हणाले, "तशी अडचण काहीच नव्हती. मी येऊन बाहेरून उघडायचो ना."

तिने मान डोलावली. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला त्यांचं कौतुकच वाटलं. दुसरा कुणी असता तर बाजारातलं मिळेल ते हँडल ठोकून मोकळा झाला असता.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही आत बसून सीट पाहा, तोवर मी त्या दांड्या घेऊन येतो. ती आत बसली आणि धुरकट काच बाहीने पुसली. "दाराचा आवाज ऐका आता," असं म्हणून त्यांनी दार लावलं. उशीवर उशी पडावी तसा आवाज झाला आणि पंख्याची घरघर एकदम बंद पडल्यासारखी वाटली. काचेपलीकडून त्यांनी एक बोट वर केलं, खुर्चीतल्या पेशंटला करावं तसं. आलोच. तंबूची चेन लागलेली दिसली, आणि मग गॅरेजचं दार सरकल्याचं नुसतं जाणवलं.

ती कामाला लागली. सीटचं चामडं मूळचं, शिवण मूळची. मोडलेल्या हँडलच्या बुंध्याभोवती मात्र चामडं गुळगुळीत झालं होतं, पार झिजून आतलं कापड दिसायला आलं होतं. बोटं फिरून फिरून झिजतं तसं. तिने भिंग खिशात ठेवलं आणि डॉक्टरांची वाट पाहू लागली.

डॉक्टर येईनात. म्हातारा माणूस आहे, सापडत नसतील दांड्या, असं म्हणून तिने बराच वेळ काढला. वरच्या झरोक्यातलं ऊन भिंतीवरून सरकत सरकत कोपऱ्यात गेलं आणि विझलं. आता वर्ग सुटत आला असेल. तिने दार ढकलून पाहिलं, बुंधा ओढून पाहिला. बोटं नेमकी त्या झिजलेल्या जागी पडली आणि तिने हात मागे घेतला. मधली काच ढकलली, पलीकडे पुढच्या दारांची हँडलं शाबूत दिसत होती, पण काच तसूभर हलली नाही. "डॉक्टर," तिने हाक मारली. तिचा आवाज गाद्यांनी गिळून टाकला. पुन्हा मोठ्याने ओरडायला म्हणून तिने छाती भरून श्वास घेतला.

"हाका मारू नका..."

आवाज तिच्या शेजारून आला. वयस्कर बाईचा, अगदी हळू, पाहुण्याला सांगावं तसा.

"त्यांना आवडत नाही... येतील तेव्हा येतील."

तिची पाचावर धारण बसली. मान वळवावी असं तिला वाटलं आणि मान वळेना. डोळ्यांच्या कोपऱ्यातून एवढंच दिसत होतं की शेजारची सीट दबलेली आहे, माणूस बसल्यावर दबते तशी. ओल्या रुमालाचा तो वास आता अगदी जवळ आला होता.

"माझी मुलगी वाट पाहतेय," ती कशीबशी म्हणाली.

"हो..." शेजारून उत्तर आलं. "वाट पाहायची सवय होते..."

लेकीचं नाव निघाल्यावर तिच्या अंगात बळ आलं. पायाशी लाकडी पाट होता, पाय टेकायचा, चांगला जड. तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि मधल्या काचेवर नेम धरला. एक घाव घातला असता तरी काम झालं असतं. पण काचेच्या कोपऱ्यात, नखाएवढी, कारखान्याची मूळ खूण कोरलेली तिला दिसली. अशी काच आता जगात कुठे मिळणार नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिचे हात थांबले. क्षणभरच थांबले असतील, पण त्या क्षणात ती लेकीचा नाही, काचेचा विचार करत होती.

"नका फोडू..." शेजारचा आवाज म्हणाला. "मीही नाही फोडली."

तिने पाट खाली ठेवला. आवाज न करता, जागच्या जागी ठेवला. मग सीटला पाठ टेकून, हात मांडीवर घेऊन ती नीट बसली. येतीलच आता, तिने स्वतःला सांगितलं. ओरडून तमाशा कशाला करायचा. काचा धुरकटत गेल्या, तिच्या बाजूची आणि पलीकडचीही, आणि त्या अंधारात ती कितीतरी वेळ तशीच छान बसून राहिली.

दार उघडलं ते डॉक्टरांनी नाही. एक म्हातारी बाई दारात उभी होती, हात ओले, पदराला पुसत होती.

"तुम्ही कधीच्या बसलात? ह्यांनी मला सांगितलंच नाही कुणी आलंय म्हणून. आत आले आणि झोपून गेले. आता फळीवर फोन दिसला तेव्हा कळलं."

भिंगवाली उतरली आणि दाराला धरून त्या बाईकडे पाहत राहिली. आवाज तोच होता. गाडीत शेजारी बसून बोललेला, तोच. डॉक्टर बायकोबद्दल "बसायची, बोलायची नाही" असं बोलत होते, म्हणून ती बाई गेलेली आहे असं ही धरून चालली होती. ती तर हयात होती, आणि समोर उभी होती.

"तुम्ही... त्यांच्या..."

"हो. मी हल्ली नाही बसत गाडीत." म्हातारी तिच्याकडे पाहत नव्हती. तिच्या खांद्यावरून मागच्या सीटकडे पाहत होती. मग आवाज आणखी खाली आणून तिने विचारलं, "भेटली का?"

भिंगवालीने होकाराची मान हलवली.

"ओरडलात?"

"एकदाच. हळू."

"काच फोडायला घेतलीत?"

"घेतली होती..."

म्हातारीने सुस्कारा सोडला. तिच्या तोंडावर दया होती, आणि दयेच्या आडून थोडं बरं वाटल्याचंही दिसत होतं. ती म्हणाली की एका दुपारी ते तिलाही असेच आत विसरून गेले. संध्याकाळी आठवण झाल्यावर येऊन दार उघडलं, ती उतरली आणि स्वयंपाकाला लागली. कुणाला काही कळलं नाही, त्यांना तर नाहीच.

"पण सगळी नाही उतरले मी, बाई. काच फोडावीशी वाटलेली जी मी होते, ती आतच राहिली." तिने दार हळूच लोटून लावलं. "निदान तिला आता सोबत झाली."

भिंगवालीने आपल्या वस्तू गोळा केल्या त्या कशा, ते तिला आठवत नाही. बाहेर पडताना तिने प्लास्टिकमधून एकदा वळून पाहिलं. मागची काच आतून दोन ठिकाणी धुरकटत होती, थोडी थांबत होती, आणि पुन्हा धुरकटत होती.

तिने आपली गाडी सुसाट हाकली. वर्गाच्या इमारतीतले दिवे लागले होते आणि बाकीची मुलं केव्हाच गेली होती. लेक पायरीवर बसली होती, शेजारी पोहायला शिकवणारी बाई उभी होती. लेक दिसली तेव्हा तिच्या जिवात जीव आला. रडायलाच आलं तिला. धावत जाऊन तिने पोरीला उचललं, छातीशी धरलं, ओले केस गालाला लागले. सुटले, असं तिच्या मनात आलं.

पोरीने तिच्या गळ्यात हात टाकले नाहीत. मग अलगद सोडवून घेऊन खाली उतरली, एक पाऊल मागे सरली आणि वर पाहू लागली. चेहऱ्यावर भीती नव्हती. शेजारच्या काकू आणायला आल्या की मुलं पाहतात तशी, जराशी संकोचून, शहाण्यासारखी पाहत होती.

"आई नाही आली का?" तिने विचारलं.

आईने तोंड उघडलं. अगं, मीच की, असं ती म्हणणार होती. शब्द जिभेवर होते.

"येईल हं," ती शांतपणे म्हणाली. "येईल तेव्हा येईल."

आणि तिने वाकून पोरीची पिशवी उचलली.