माघारी आणलेला कांदा

राहुरीच्या बाजारात हमालानं माझी गोणी उघडली. एका तरुण व्यापाऱ्यानं त्यातला एक कांदा उचलला, तळहातावर चोळला, आणि लिलावात भाव इतका कमी बोलला, की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली!

"न्हाई द्यायचा!" मी फटकन म्हणाले.

बोली पटली नाही तर माल माघारी न्यायचा हक्क शेतकऱ्याचा. दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पाय प्लास्टरमध्ये, म्हणून तो हक्क माझ्याकडे आलेला... आणि मी तो मनसोक्त वापरला.

पुढच्या बाजारी तोच कांदा घेऊन मी हजर. तोही हजर. कानिफ त्याचं नाव, बापाच्या जागी नुकताच बोली लावायला लागलेला व्यापारी.

"ह्यो माल वळखतो मी," तो हसला.

"कांद्याला काय तोंड असतं व्हय?"

"कांद्याला न्हाई... मालकिनीला हाय."

माझे कान तापले. बोली पुन्हा जराशी कमीच. मी पुन्हा नाही म्हटलं, तर हा खुशीत! लबाड मुद्दाम कमी बोलत होता — मी परत यावं म्हणून. राग यायला हवा होता. आला नाही. मला तो आवडायला लागला होता.

त्याच्या पुढच्या बाजारी मात्र दुसरे व्यापारी, मच्छिंद्रशेठ, मध्ये पडले आणि त्यांनी भाव चांगलाच चढवला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. हो म्हटलं, की कांदा संपला... आणि माझं बाजाराला येणंही.

"न्हाई... न्हाई द्यायचा."

सोबत आलेल्या कडूबाई आत्यानं कपाळावर हात मारला. "दीपे, याड लागलं का? आता माल माघारी नेला तर दादा तुला परत धाडायचा न्हाई!"

कानिफचं हसू मावळलं. त्यानं शेठच्याही वर बोली लावली. "द्या आता."

"दिला तर..." मी गोणीचं तोंड घट्ट धरलं. "मी परत यायचं कशाला?"

माझ्या केसात अडकलेल्या कांद्याच्या पापुद्र्याकडे त्याचा हात आला, आणि लाजून मागं गेला.

"तुमी कशाला? मीच येतो. रविवारी... आईला न् मामाला घेऊन. लई आवडता तुमी मला."

"दिला!" मी ओरडलेच. "पन रविवारी न्हाई आलात, तर माल माघारी नेईन!"

तो रविवारपर्यंत थांबलाच नाही. शनिवारी सकाळीच तिघं आमच्या दारात उभे, आणि माझे दोन्ही हात शेणानं भरलेले!